जागच्या जागी तीन स्टॉप

डेपोच्या डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या मनगटावरची बोटं उचलली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा मनगट धरलं आणि विचारलं, "तुम्ही अजून पळताय का?"

"नाही साहेब. बसलोय की. तुमच्यासमोरच."

"मग हे याला कोणी सांगायचं?" डॉक्टरांनी ड्रायव्हरच्या छातीकडे बोट केलं.

दरवर्षीची तपासणी होती. कोपऱ्यातल्या तपासणीच्या सायकलवर पाच मिनिटं पाय मारायचे, मग थांबायचं, आणि थांबल्यावर एका मिनिटात नाडी निदान वीस ठोक्यांनी खाली यायला हवी, असा नियम. ड्रायव्हरची आठने खाली आली होती. डॉक्टरांनी आठचा आकडा कागदावर लिहिला आणि त्याभोवती गोल केला. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. डेपोत असं म्हणत की ते स्वतःच्या शिंकेचीसुद्धा नोंद करतात.

"सहा आठवडे देतो. पुन्हा या. तेव्हा वीस नाही झाले तर चाकावरून उतरावं लागेल."

"आणि मग?"

"मग खिडकी."

आता खिडकी म्हणजे काय, हे डेपोबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. बसमध्ये लोक विसरून जातात त्या वस्तूंची खिडकी. डेपोच्या मागच्या बाजूला, जिन्याखाली. तिथे तीनशे छत्र्या, डाव्या हाताचे मोजे, चष्मे आणि एक दातांची कवळी आहे. कवळी न्यायला नऊ वर्षांत कोणी आलेलं नाही. तिथे बसणारा गृहस्थ एकेकाळी उत्तम ड्रायव्हर होता. आता तो दर सोमवारी छत्र्या उघडून झटकतो आणि पुन्हा मिटून ठेवतो. आपल्या ड्रायव्हरने अठ्ठावीस वर्षं सात नंबरची बस चालवली होती. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. पहाटेच्या पहिल्या फेरीला गार स्टिअरिंगवर हात ठेवला की त्याला बरं वाटायचं. खिडकीच्या नुसत्या नावाने त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

बाहेर कंडक्टर वाट पाहत उभा होता. अकरा वर्षं दोघं एकाच बसवर. मध्ये पार्टिशन असल्यामुळे ड्युटीवर त्यांचं बोलणं असं फारसं व्हायचं नाही, जे व्हायचं ते बेलने. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. अकरा वर्षांत त्यात एकदाही घोळ झाला नव्हता.

"काय म्हणाले, दादा?"

"आठ."

"कशातले आठ?"

"विसातले."



घरी बायको मशीनवर बसून कोणाच्या तरी पडद्यांना शिलाई मारत होती. परिसरातले निम्मे पडदे आणि सगळ्या भानगडी तिच्या हाताखालून जात. तिने सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आजचा तोंड पाडून बसण्यात गेला. राहिले एक्केचाळीस. उद्यापासून सायकलच्या क्लासला जायचं."

"अगं, मला सायकल येते."

"ती नव्हे. खोलीत चालवायची. माझं एक गिऱ्हाईक जातं. तीस सायकली आहेत म्हणे, एकाच हॉलमध्ये."

"खोलीत? मग ती जाते कुठे?"

"कुठेच जात नाही."

अठ्ठावीस वर्षं तो कुठून तरी निघून कुठे तरी पोचत आला होता. "मग चालवायची कशाला?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

"खिडकीत बसायचं नाही म्हणून!" बायको म्हणाली, आणि विषय संपला.

क्लासच्या ट्रेनरने, म्हणजे सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका चुणचुणीत मुलीने, त्या गिऱ्हाइकाला सूचनांचा एक कागद दिला होता, तो बायकोने त्याच संध्याकाळी मागून आणला. दोन तास आधी पोटभर खाऊ नये. पाण्याची बाटली आणि टॉवेल आणावा. बूट कडक तळव्याचे हवेत. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी यावं, सायकल आपल्या मापाची करून घ्यावी. ड्रायव्हरला कागद फार आवडला. "पोरगी शिस्तीची आहे," तो म्हणाला. "आमच्या डेपोत असा कागद असता तर निम्म्या गाड्या बंद पडल्या नसत्या."

कागदाच्या तळाला लिहिलं होतं की सुरुवातीला बसायची जागा दुखते, गादीची चड्डी असल्यास उत्तम. बायकोने ही गोष्ट मनावर घेतली. जुन्या सोफ्याची एक उशी उसवली आणि रात्रीच्या जेवणाआधी चड्डी तयार. ड्रायव्हर ती घालून आतल्या खोलीतून बाहेर आला तो पाय फाकवून.

"कशी आहे?"

"मऊ आहे. पण मागून पाहिलं तर मी उभा असूनही बसलेलाच दिसेन."

"तिथे कोण बघतंय तुम्हाला? सगळे पुढे बघतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हर अर्धा तासच काय, पाऊण तास आधी हजर झाला. सोबत कंडक्टर. त्याला कोणी यायला सांगितलं नव्हतं, पण तो म्हणाला, "दादा, माझ्याशिवाय तुम्ही कधी हललायत का जागचे?" आणि ते खरंच होतं.

ड्रायव्हरने पहिल्यांदा सायकलीभोवती एक चक्कर मारली. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी तो नेहमी मारायचा तशी. खाली वाकून पाहिलं. टायर नाही, त्यामुळे हवा नाही. आरसा नाही. दिवा नाही. मागे एकही चाक नाही. "हे अर्धंच आहे," तो कंडक्टरला हळूच म्हणाला.

ट्रेनरने सीट त्याच्या कमरेच्या हाडापर्यंत वर घेतली, त्याला बसवलं, गादीचा अंदाज आल्यावर दोन बोटं खाली घेतली आणि समजावून सांगितलं, "काका, हे लाल बटण. उजवीकडे फिरवलं की चढ लागतो, पाय जड होतात. आणि जोरात खाली दाबलं की ब्रेक. तो फक्त अडचणीच्या वेळी. एरवी पाय एकदम थांबवायचे नाहीत हं. हे चाक जड आहे. तुम्ही थांबलात तरी ते तुमचे पाय ओढून नेतं. हळूहळू कमी करायचं."

"म्हणजे उतारावरच्या बससारखं."

"अगदी तसंच!" तिला विद्यार्थी हुशार वाटला.

ड्रायव्हरने पहिल्या रांगेतली उजवीकडची सायकल धरली. दुसरीकडे कुठे बसणं त्याला जमलंच नसतं. कंडक्टर शेवटच्या रांगेत दाराजवळ बसला. मधे पंचवीसएक माणसं. ड्रायव्हरच्या बरोबर मागे कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण होती. दिवे मंद झाले, गाणं सुरू झालं. ट्रेनर समोरच्या ओट्यावरच्या सायकलवर चढली आणि तिने हँडलला लावलेली एक पितळी घंटा सगळ्यांना दाखवली.

"नवीन लोकांसाठी सांगते. घंटा एकदा वाजली की सीटवरून उठायचं आणि जोरात! दोनदा वाजली की खाली बसायचं, हळू, श्वास घ्यायचा. कळलं ना काका?"

"कळलं," ड्रायव्हर म्हणाला. आणि त्याला कळलंही होतं. पण कळलं होतं ते डोक्याला. पायांना कोणी सांगितलं नव्हतं.

चार मिनिटं सगळं छान चाललं. मग ट्रेनरने घंटा एकदा मारली. टण!

बाकीची सगळी माणसं सीटवरून उठली. ड्रायव्हरचा तळवा लाल बटणावर आदळला. चाक जागच्या जागी थांबलं, ड्रायव्हर मात्र थांबला नाही. तो सोफ्याच्या उशीसकट पुढे घसरला आणि पोटावर हँडल घेऊन लटकला. शेवटच्या रांगेत त्याच क्षणी कंडक्टर सायकलवरून उतरला, हॉलचं दार उघडलं, बाहेर पाहिलं, कोणी उतरत नाही आणि कोणी चढतही नाही अशी खात्री करून घेतली आणि दार लावून टाकलं. आपण काय केलं हे त्याला सायकलवर परत बसताना समजलं.

ड्रायव्हर कसाबसा सीटवर चढतो आहे तोच टण टण! सगळे हुश्श करून खाली बसले. ड्रायव्हरने उजव्या खांद्यावरून मागे नजर टाकली, रस्ता मोकळा आहे असं पाहिलं आणि निघाला तो सुसाट. अंधारात ट्रेनर नीट दिसत नव्हती, म्हणून बेकरीवाल्या बाई समोरच्या पाठीकडे बघून सायकल चालवत होत्या. समोरची पाठ पळायला लागली म्हटल्यावर त्याही पळाल्या. त्यांच्या मागचा बँकेतला माणूस त्यांच्याकडे बघत होता. पाऊण तासाच्या शेवटी हॉलची उजवी बाजू ड्रायव्हरच्या हुकमाखाली होती आणि डावी ट्रेनरच्या. मधल्या रांगेने दोन्ही घंटांना पळून घेतलं होतं. तिच्यातल्या दोघांना खाली फरशीवर आडवं करावं लागलं.

दिवे लागल्यावर ट्रेनर ड्रायव्हरजवळ आली. "काका, तुम्ही घंटा ऐकताय ना नक्की?"

"ऐकतोय हो, ताई," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. "तिथेच सगळा घोळ होतोय."

घरी बायकोने सगळं ऐकलं आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणि चमचा आणला. "बसा खुर्चीत. ही सवय आहे ना? मग दुसरी सवय लावू." एक टोला, की ड्रायव्हरने खुर्चीवरून उठून जागच्या जागी धावायचं. दोन टोले, की बसायचं. रोज सकाळी ड्युटीआधी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. बायको पडदे शिवता शिवता मध्येच अवचित चमचा उचलायची. तो दाढी करत असायचा, टण! की साबणाच्या फेसासकट धावायला लागायचा. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरची म्हातारी वर येऊन विचारून गेली की घरात सगळं ठीक आहे ना.

पण बायको हट्टाची खरी. पंधरा दिवसांत पेल्याला पोचा आला आणि ड्रायव्हर सुधारला. क्लासमध्ये घंटा एकदा वाजली की सगळ्यांच्या आधी तो उठायचा. ट्रेनरनेही त्याच्यावर मेहनत घेतली. "काका, शेजारच्याकडे बघू नका, स्वतःच्या श्वासाकडे बघा. हँडल आवळू नका. खांदे सोडा. चढ थोडा वाढवा, अजून थोडा." ती सांगेल तसं तो करायचा. थोडं थोडं पाणी प्यायचा, टॉवेल हँडलवर नीट घडी करून ठेवायचा. कमरेचा पट्टा एका भोकाने आत गेला, मग दुसऱ्याने. डेपोचा जिना तो न थांबता चढला आणि वर पोचल्यावर उगाचच पुन्हा खाली उतरून आला. आपण वाचलो, आता खिडकीचं तोंड बघावं लागणार नाही, असं त्याला वाटायला लागलं.

आणि मग तो बुधवार उजाडला.

सकाळी साडेआठच्या फेरीला डेपोचे डॉक्टर सात नंबरच्या बसमध्ये चढले. त्यांची गाडी बंद पडली होती. हातात औषधांची बॅग होती. "पोस्ट ऑफिस," ते कंडक्टरला म्हणाले. कंडक्टरने त्यांना पुढची जागा करून दिली. डॉक्टर स्वतः बसमध्ये आहेत म्हटल्यावर त्याची छाती फुगली होती. दादा कसे चालवतात ते एकदा बघू दे यांना, असं त्याच्या मनात आलं.

पोस्ट ऑफिसचा खांब दिसला तशी कंडक्टरने दोरी एकदा ओढली. टण!

इतके दिवस बसमध्ये तरी जुनी सवय टिकून होती, ती नेमकी आज सुटली. ड्रायव्हर सीटवरून चार बोटं उठला. खांदे सोडले, श्वास घेतला आणि बस जी काही निघाली की विचारू नका. पोस्ट ऑफिस डाव्या हाताला आलं आणि गेलं. कंडक्टरला वाटलं, दादांना ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा एकदा ओढली. बस आणखी जोरात. रस्ता सरळ आणि मोकळा होता म्हणून बरं. डॉक्टर उभे राहून ओरडले, "अहो, माझा स्टॉप गेला!" कंडक्टरने घाबरून तिसऱ्यांदा ओढली. शाळेचा स्टॉप गेला. पाण्याच्या टाकीखाली चार माणसं हात करून उभी होती, ती हात तसेच ठेवून बसकडे बघत राहिली.

"बंद करा ते टणटण!" डॉक्टर किंचाळले. "थांबवा गाडी!"

तेव्हा कंडक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. तोही गेले तीन आठवडे त्याच हॉलमध्ये घाम गाळत होता ना. त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात अकरा वर्षांची माफी मागितली आणि दोरी दोनदा ओढली.

ड्रायव्हर शांतपणे खाली बसला. बस हळू झाली, आणखी हळू झाली आणि पाण्याच्या टाकीच्या पलीकडे रस्त्याच्या कडेला अलगद उभी राहिली. ड्रायव्हरने सवयीने पाण्याची बाटली तोंडाला लावली. पहिला घोट घशाखाली उतरला आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळलं.

डॉक्टर खाली उतरले. पार्टिशनच्या बाजूने येऊन त्यांनी ड्रायव्हरला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तीन आठवड्यांनी आपण भेटतोच आहोत," एवढंच म्हणाले आणि बॅग घेऊन उलट दिशेने चालायला लागले. ड्रायव्हर आरशात त्यांना बघत होता. डॉक्टर टाकीच्या स्टॉपपाशी थांबले, खांब धरून उभे राहिले. मग शाळेपर्यंत गेले आणि तिथल्या कट्ट्यावर बसले. त्यापुढचं आरशात दिसेना.

त्या संध्याकाळी ड्रायव्हर क्लासला गेला नाही. जेवलाही नाही. "आता मी करू तरी काय?" तो बायकोला म्हणाला. "क्लास सोडला तर नाडी उतरायची नाही. क्लास चालू ठेवला तर बस थांबायची नाही. इकडून गेलो तरी खिडकी, तिकडून गेलो तरी खिडकी. मी आपला आत्ताच जाऊन छत्र्या मोजायला लागतो." बायको हसणार होती, पण त्याचं तोंड बघून हसली नाही. तिने पोचा आलेला पेला फडताळात मागे ढकलून ठेवला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. एकदाच. ड्रायव्हर उठावं की बसावं याचा विचार करेपर्यंत बायकोने दार उघडलं. कंडक्टर आला होता.

"दादा, उठा. ट्रेनरताईंकडे जायचंय."

"कशाला? क्लास सोडतो म्हणून सांगायला?"

"नाही. घंटा बदलायला."

ट्रेनर हॉलमध्ये सायकली पुसत होती. तिने सगळा प्रकार ऐकला, आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग तिला डॉक्टर आणि खिडकी कळली तसं तिने हसू आवरलं. "पण काका, तीस लोकांना माझी घंटा पाठ आहे. दोन वर्षं हेच चाललंय. तुमच्या एकट्यासाठी कशी बदलू?"

"एकट्यासाठी नाही, ताई," कंडक्टर पुढे झाला. प्रवाशांशी वाद घालण्यात त्याची हयात गेली होती. "तुमच्या या तीस लोकांपैकी बसने किती येतात?"

"बहुतेक सगळेच."

"मग एक बेल म्हणजे थांब, हे त्यांना जन्मापासून पाठ आहे. तुम्ही उगाच त्यांना उलटं शिकवत बसलात. त्या दिवशी दादांच्या मागे अर्धा हॉल गेला तो काय उगाच?"

ट्रेनरने विचार केला. घंटेकडे पाहिलं. मग ती हँडलवरून सोडवून कंडक्टरच्या हातात दिली. "घ्या. तुम्हीच वाजवा. नाहीतरी मला चालवता चालवता वाजवायची म्हणजे हात सुटतो."

दुसऱ्या दिवसापासून क्लासचा नूर पालटला. कंडक्टर दाराजवळच्या सायकलवरून घंटा मारायचा आणि एकदा हातात घंटा आल्यावर नुसतं वाजवून गप्प बसणं त्याला शक्य नव्हतं. "चला, पोस्ट ऑफिस!" टण टण! सगळा हॉल उठून पळायचा. "शाळा! लहान मुलं आहेत, हळू!" टण! सगळे बसायचे. "आता टाकीचा चढ, बटण उजवीकडे घ्या, पुढे चला, पुढे जागा आहे!" जागा कुणालाच सोडता येत नव्हती, तरी सगळे जोर करायचे. सात नंबरचे बाराच्या बारा स्टॉप रोज संध्याकाळी जागच्या जागी व्हायला लागले. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, त्यांना पहिल्यांदाच आपण कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटतं. ड्रायव्हर पहिल्या रांगेत उजवीकडे, आणि त्याच्या पायांना आता काही समजावून सांगावं लागत नव्हतं. बस बसच्या जागी थांबू लागली, सायकल सायकलच्या जागी.

सहा आठवडे पुरे झाले. तपासणीच्या दिवशी कंडक्टरही सोबत आला, पण त्याला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आलं. डॉक्टर कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, "बसा सायकलवर."

ड्रायव्हर बसला. छातीवर तारा लावल्या. समोर नाडीचा आकडा दिसायला लागला.

"सुरू करा."

ड्रायव्हरचे पाय हलेनात. त्याने जोर लावून पाहिला. त्या बुधवारनंतर डॉक्टरांचा आवाज ऐकला तरी त्याला जिन्याखालची खिडकी दिसायची, आणि इथे तर ते हातभर अंतरावर बसले होते.

"सुरू करा म्हटलं ना?"

"करतो साहेब. निघतोच आहे."

बाहेरच्या बाकावर हे ऐकू गेलं असावं. दाराच्या फटीतून स्पष्ट आवाज आला. टण टण!

पाय सुरू झाले. डॉक्टरांनी मान वर करून दाराकडे पाहिलं, पण घड्याळ चालू झालं होतं. पाच मिनिटं ड्रायव्हरने अशी सायकल चालवली की डॉक्टरांचा पेन हातातच राहिला. खांदे सैल, श्वास एका लयीत.

"थांबा."

पाय थांबले. नाडी काही थांबेना. ड्रायव्हर आकड्याकडे बघत होता आणि त्याला छत्र्या दिसत होत्या. दहा सेकंद गेली, आकडा तिथेच. वीस गेली, आकडा एकाने वर गेला. कपाळावर घाम आला. अठ्ठावीस वर्षं, ती पहाटेची फेरी, ते गार स्टिअरिंग, सगळं या एका मिनिटात जाणार होतं. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

टण!

एकदाच. ही बेल ड्रायव्हरने आयुष्यात लाखदा ऐकली असेल. गाडी लागली, दार उघडलं, माणसं उतरतायत, आता आपल्याला काही करायचं नाही. त्याचे खांदे खाली आले. छातीतून एक लांब श्वास निघाला. आकडा पाचाने उतरला, मग आठाने, मग बघता बघता धडाधड उतरत गेला. मिनिट पुरं झालं तेव्हा डॉक्टरांनी आकडा पाहिला, वजाबाकी केली, पुन्हा केली.

"एकोणतीस," ते म्हणाले.

ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला. दार उघडून कंडक्टर आत डोकावला. त्याच्या एका हातात पितळी घंटा होती आणि डोळ्यांत पाणी.

"साहेब, माझं चुकलं असेल. नियमात बसत नसेल तर..."

डॉक्टरांनी नियमांचं पुस्तक ओढलं, चार पानं चाळली आणि मिटून ठेवलं. "घंटा वाजवू नये असं कुठे लिहिलेलं नाही," ते म्हणाले आणि कागदावर सही केली. ड्रायव्हरने तो कागद दोन्ही हातांनी घेतला.

तो उठून जायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जरा थांबा. दार लावा ते." कंडक्टरने दार लावलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. "त्या बुधवारी टाकीपासून पोस्टापर्यंत चालत आलो. खुर्चीत बसलो आणि सहज म्हणून स्वतःची नाडी मोजली. एक मिनिट."

"मग किती उतरली, साहेब?"

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "सहा," ते शेवटी म्हणाले. "नोंद केलीय मी. कुठे ते विचारू नका. तुमचा तो क्लास किती वाजता असतो?"

पुढच्या सोमवारी ड्रायव्हरने दिवसभर सात नंबर चालवली, सगळ्या स्टॉपला थांबवली आणि संध्याकाळी क्लासला आला. खरं तर आता त्याला यायची गरज नव्हती, पण त्याला चैन पडेना. त्याच्या मागच्या रांगेत, बेकरीवाल्या बाईंच्या शेजारी डॉक्टर होते. ते अर्धा तास आधी आले होते, बाटली-टॉवेल सगळं आणलं होतं, आणि ड्रायव्हरच्या बायकोने त्यांच्यासाठी सोफ्याची दुसरी उशीही उसवली होती.

टण टण झालं आणि हॉल निघाला. पोस्ट ऑफिसपर्यंत डॉक्टर हसत होते. शाळेपर्यंत हसू गेलं. पुढच्या चढावर त्यांचा चेहरा लाल झाला, टॉवेल खाली पडला आणि त्यांनी मान वळवून शेवटच्या रांगेकडे काकुळतीने पाहिलं.

"मास्तर! एक! अहो, एक द्या की हो लवकर!"

ड्रायव्हरने न बघताच ओळखलं की कंडक्टरचा हात घंटेवर आहे. हात जागचा हलला मात्र नाही.

"धरून उभे राहा, साहेब," मागून आवाज आला. "अजून तीन स्टॉप आहेत."